राउटर घेताय? घरातला जुना लॅपटॉप अन् नवा मोबाईल, दोन्ही चालतील ना? आधी हे तपासा

पाली (सुधागड) : मुलाकडे विंडोजचा जुना लॅपटॉप, मुलीकडे अँड्रॉइड मोबाईल, शाळेत शिकवणाऱ्या सूनबाईंच्या कॉम्प्युटरवर लिनक्स, आणि गणपतीला मुंबईहून येणाऱ्या भावोजींच्या बॅगेत ॲपलचा मॅकबुक. एकाच घरात आता अशी चार तऱ्हेची यंत्रं दिसतात. मग दुकानात गेल्यावर प्रश्न पडतो, एकच राउटर या सगळ्यांना चालेल का? चुकीचा घेतला तर दीड-दोन हजार रुपये तर जातातच, पण ॲडमिशनचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉपला नेट मिळत नाही, हा ताप वेगळाच.

विंडोज असो की लिनक्स, राउटरला फरक पडत नाही

वाय-फाय ही सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेली एक समान भाषा आहे. समोर कुठली सिस्टीम आहे हे राउटर बघत नाही. त्यामुळे 'हा फक्त विंडोजला चालतो' असं कुणी सांगितलं तर ते बहुतेक सेटिंगच्या सीडीबद्दल किंवा लॅपटॉपला लावायच्या यूएसबी डोंगलबद्दल असतं. डोंगलला ड्रायव्हर लागतो, म्हणून तो घेताना मात्र आपली सिस्टीम नक्की सांगा.

राउटर घेताना एवढंच विचारा : सेटिंग ब्राउझरमधून होतं का? तसं असेल तर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता टाकायचा (बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, इंग्रजी आकड्यांत), की काम झालं. मोबाईल, विंडोज, लिनक्स, मॅक, कशावरूनही. फक्त ॲपवरूनच सेटिंग होणारा राउटर घेतला आणि उद्या ते ॲप बंद पडलं, तर अडचण होते.

मग अडतं कुठे? तीन ठिकाणी

१) बँड : वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ची रेंज लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी पोचते, पण वेग कमी. ५चा वेग जास्त, पण दोन भिंती आल्या की दम तोडतो. बरेच जुने लॅपटॉप, स्वस्त मोबाईल आणि प्रिंटर फक्त २.४ पकडतात. म्हणून 'ड्युअल बँड' राउटरच घ्या. आपल्याकडच्या चिऱ्याच्या जाड भिंती आणि पत्र्याचं छप्पर लक्षात घेता, २.४ बंद करून चालणारच नाही.

२) सुरक्षा : पासवर्डची जुनी पद्धत डब्ल्यूपीए२, नवी डब्ल्यूपीए३. नवी २०१८ साली आली. विंडोज ७चा लॅपटॉप किंवा अँड्रॉइड ९ आणि त्याआधीचे मोबाईल साधारणपणे नवी पद्धत ओळखत नाहीत. राउटरवर नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर पासवर्ड बरोबर टाकूनही ते जोडले जात नाहीत, आणि आपण राउटरला दोष देत बसतो. सेटिंगमध्ये 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय असलेला राउटर बघा. विनापासवर्ड नेट मात्र कधीच उघडं ठेवू नका. तुमच्या लाईनवरून कुणी फसवणूक केली तर चौकशी आधी तुमच्या दारात येते.

३) लाईनचा प्रकार : टेलिफोनच्या तारेवरचा जुना एडीएसएल राउटर फायबरला चालत नाही. फायबर असेल तर कंपनीच्या माणसाने भिंतीवर लावलेला डबा आधी बघा. त्यातच वाय-फाय असेल तर वेगळा राउटर लागेलच असं नाही. घेतलाच तर त्याला 'वॅन' पोर्ट हवा, आणि लाईनचा युजरनेम-पासवर्ड कंपनीकडून लिहून घ्या. वाडीवर फायबर पोचलं नसेल तर सिमकार्डचा राउटर घ्यावा लागतो. तो एकाच कंपनीच्या सिमला लॉक नाही ना, हे दुकानातच आपलं सिम घालून बघा.

वाय-फाय ६ हवंच का?

बजेट असेल तर घ्या. जुनी यंत्रं त्यावरही चालतात, फक्त आपल्या जुन्याच वेगाने. पण लाईनच ४० एमबीपीएसची असेल तर महागड्या राउटरने ती ४००ची होत नाही. चार माणसांच्या घराला साधा ड्युअल बँड वाय-फाय ५ राउटर पुरतो.

पावसाळा आणि लाईटचं काय?

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात कित्येक गावांत दिवसेंदिवस लाईट आणि मोबाईल नेटवर्क नव्हतं, हे कुणी विसरलेलं नाही. एवढं मोठं संकट रोज येत नाही, पण तासाभराची बत्ती गुल नेहमीचीच. त्यासाठी राउटरचा मिनी यूपीएस मिळतो. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागतो. नुसता राउटर चालू राहून नेट येत नाही. विजा कडाडायला लागल्या की ॲडॅप्टर प्लगमधून काढूनच ठेवा.

दुकानात जाण्याआधी एवढं करा

- घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी करा, सगळ्यात जुनं कुठलं ते लिहा. राउटर त्याला चालला पाहिजे.
- ड्युअल बँड, डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३, ब्राउझरमधून सेटिंग : या तीन गोष्टी खोक्यावर किंवा कंपनीच्या वेबसाईटवर तपासा.
- किमान दोन 'लॅन' पोर्ट असू द्या. वाय-फाय रुसलं तरी केबल लावून कुठल्याही सिस्टीमचा कॉम्प्युटर चालतो.
- पक्कं बिल घ्या, बदलून देण्याची मुदत विचारा आणि पहिल्याच दिवशी घरातली सगळी यंत्रं जोडून बघा.
- राउटर घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटामागे नको. आणि कंपनीने दिलेला ॲडमिन पासवर्ड त्याच दिवशी बदला.