आडनांव आणि कुळ

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील गेलिक भाषेंत ‘क्लॅन’ ह्या शब्दाच्या मुळाशीं ‘मुलेंबाळें’ हा अर्थ आहे. तेव्हां एका क्लॅनांतील सारीं माणसें एकाच मूळपुरुषाचीं वंशज असावींत, असें वाचकांस सहजच वाटेल. वस्तुस्थिति इतकी सरळ नाहीं. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारीं, त्याच्या आश्रयास आलेलीं कित्येक कुटुंबें त्याचेंच आडनांव लावूं लागलीं. रक्ताचा संबंध असो वा नसो.

मॅकग्रेगर कुळाची कथा तर अगदीं उलट. ग्लेन फ्रुइन येथील रक्तपातानंतर १६०३ सालीं सहाव्या जेम्सच्या सरकारनें तें नांवच बेकायदा ठरविलें. जो तें सोडणार नाहीं त्यास देहांत शासन! जीव वांचविण्यासाठीं कोणी ‘मरे’ हें आडनांव घेतलें, कोणी ‘ड्रमंड’, कोणी ‘ग्रॅहॅम’. १६६१ त बंदी उठली, १६९३ त पुन्हा बसली, ती १७७४ त कायमची सुटली. मधल्या काळांत किती माणसें परक्या नांवानें जन्मलीं आणि परक्या नांवानेंच मातींत गेलीं! पुढें ज्यांस कुलप्रमुख मानलें गेलें, ते कंपनी सरकारच्या बंगाल लष्करांतील अधिकारी जॉन मरे. त्यांच्या घराण्यानें मॅकग्रेगर हें नांव पुन्हा धारण केलें तें १८२२ सालीं.

मग आज कॅनडांत जन्मलेल्या एखाद्या मरेनें आपलें कुळ कोणतें मानावें? नुसतें आडनांव त्यास उत्तर देणार नाहीं. कुलप्रमुखाचें चिन्ह ही प्रमुखाची स्वतःची मालमत्ता. अनुयायानें तें पट्टा-बकलाच्या वेढ्यांतच मिरवावें, असा तेथील दंडक आहे. तो वेढा एवढेंच सांगतो कीं, मी ह्या प्रमुखाचा माणूस. वंशावळ तो विचारीत नाहीं.