दारं उघडली ती कच्च्या मालासाठी

1991 च्या सुधारणांचं वर्णन आपल्याकडे बहुधा एकाच पद्धतीने होतं. परदेशी माल आला, देशी कारखानदाराची झोप उडाली आणि तो सुधारला. यात तथ्य आहे, पण कारखान्यांचे ताळेबंद वर्षानुवर्षं तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना उत्पादकतावाढीचं मोठं कारण दुसरीकडे सापडलं.

सुधारणांपूर्वी आपलं कमाल आयात शुल्क 300 टक्क्यांच्या पुढे होतं आणि शिवाय परवाना लागे तो वेगळाच. परकीय चलन आटलं, जुलै 1991 च्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं आणि 24 जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला. कमाल शुल्क 150 टक्क्यांवर आलं, 1995 पर्यंत 50 वर. हे सगळं इतक्या घाईने झालं की आपापल्या धंद्याचं संरक्षण टिकवण्यासाठी दिल्लीत खेटे घालायला उद्योगपतींना फारशी सवडच मिळाली नाही. म्हणून अभ्यासकांना हा काळ मोलाचा वाटतो: कुणाचं शुल्क किती उतरलं, हे सुरुवातीच्या वर्षांत तरी वशिल्यावर ठरलं नव्हतं.

पेत्या टोपालोवा आणि अमित खंडेलवाल यांनी 2011 साली दाखवलं की तयार मालावरचं शुल्क उतरल्याने उत्पादकता वाढली, पण कच्च्या मालावरचं आणि सुट्या भागांवरचं शुल्क उतरल्याने ती त्याहून जास्त वाढली. इंडोनेशियातल्या कारखान्यांबद्दल मेरी अमिती आणि योझेफ कोनिंग्स यांचा निष्कर्षही तोच. कारण समजायला सोपं आहे. हव्या त्या दर्जाचं पोलाद किंवा रसायन बाजारात मिळतच नसेल, तर कारागीर कितीही कुशल असो, काही वस्तू बनवताच येत नाहीत. त्या काळात भारतीय कंपन्यांनी बाजारात आणलेल्या नव्या उत्पादनांपैकी सुमारे 31 टक्क्यांचं श्रेय कच्च्या मालावरच्या शुल्ककपातीला जातं, असं पिनेलोपी गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं गणित सांगतं. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध तर एप्रिल 2001 मध्ये उठले. म्हणजे कारखान्याला लागणारा माल आधी आला आणि दुकानातली परदेशी वस्तू बरीच मागाहून.

स्पर्धेने काय होतं, ते चिलीत दिसलं. तिथे 1979 पर्यंत जवळपास सरसकट 10 टक्के शुल्क आलं. नीना पावच्निक यांच्या अभ्यासात, आयातीशी झुंजणाऱ्या कारखान्यांची उत्पादकता स्पर्धेबाहेरच्यांपेक्षा 3 ते 10 टक्के जास्त वाढली. त्यातला काही भाग दुबळे कारखाने बंद पडल्यामुळेही होता. सरासरी सुधारते, पण बंद कारखान्यातला कामगार त्या सरासरीत कुठेच नसतो. टोपालोवा यांनीच भारतातल्या ग्रामीण जिल्ह्यांबद्दल दाखवून दिलं आहे की जिथल्या धंद्यांचं संरक्षण जास्त गेलं, तिथे दारिद्र्य कमी होण्याचा वेग इतरांपेक्षा मंद राहिला. खुल्या व्यापाराची बाजू मांडणाऱ्याने हे टाळून पुढे जाऊ नये. नफ्याचं वाटपही तपासायला हवं: खर्च उतरला त्या प्रमाणात किमती उतरल्या नाहीत, फरकाचा मोठा वाटा कारखानदारांकडे राहिला.

मला सर्वांत बोलका वाटतो तो तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांवरचा प्रयोग. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या काही कारखान्यांना सल्लागार दिले. सुताच्या साठ्याची धड नोंद नव्हती, कापडातल्या दोषांचा हिशेब नव्हता, यंत्रांची देखभाल बिघाड झाल्यावरच होई. नोंदी, साफसफाई आणि देखभाल मार्गी लागल्यावर पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. उदारीकरणाला तेव्हा दीड दशकाहून जास्त काळ लोटला होता. स्पर्धेचा धाक एवढ्या वर्षांत जे करू शकला नाही, ते या नोंदवह्यांनी केलं.

या पार्श्वभूमीवर 2018 च्या अर्थसंकल्पापासून आपण कित्येक वस्तूंवरचं आयात शुल्क पुन्हा वाढवत गेलो, याची मला काळजी वाटते. त्यात वाहनांचे सुटे भागही होते. मोठ्या निर्यातदाराला शुल्कमुक्त आयातीची सवलत मिळते आणि ती मिळवायला लागणारी कागदपत्रं करणारी माणसंही त्याच्याकडे असतात. औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखानदार मात्र तोच माल स्थानिक व्यापाऱ्याकडून घेतो आणि शुल्क किमतीतच भरतो.