इंजिन हलवणारे हात

मिरज जंक्शनात एके काळी तीन मापांचे रूळ होते. मोठी लाईन, मीटर लाईन आणि अडीच फुटांची छोटी लाईन. आरग, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला करीत पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरून लातूरपर्यंत जाणारी ती बार्शी लाईट रेल्वे आपल्यातील वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेलच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने ती १८९७ साली बार्शीला सुरू केली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ चालतात आणि खर्च वाचतो, असा त्याचा हिशेब होता. १९२७ मध्ये ही लाईन मिरजेला पोहोचली आणि १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली.

२००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने तडफडत असताना मिरजेहून पहिली पाण्याची गाडी दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन गेली, ती याच वाटेने. छोट्या लाईनवर ते जमले नसते. प्रश्न आहे तो जुने जे गेले त्याची नोंद कोणी ठेवली, हा.

दीक्षाभूमीला जाणाऱ्या कुटुंबांनी सवड काढून नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे. २००२ साली ते उघडले. रुळांचे माप आपल्या बार्शी लाईनचेच. इंजिनापाशी उभे राहिले की मुले चाके मोजतात. आम्ही मात्र विचार करीत राहिलो की, हे धूड इथवर आणले कोणी?

विलायतेत हे काम हौसेने होते. वेल्समधील तालिलिन ही अशीच चिमुकली रेल्वे १९५० मध्ये मालक वारल्यावर बंद पडायच्या बेतात होती. एल. टी. सी. रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने सामान्य माणसे एकत्र आली आणि १९५१ पासून त्यांनी ती बिनपगारी चालवली. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातील ती पहिली रेल्वे मानली जाते. रुळांतले गवत काढायचे, खडी भरायची, इंजिन पुसायचे, सगळे सुट्टीच्या दिवशी.

आपल्याकडे हेच काम पोटासाठी झाले आणि ते करणाऱ्यांत आपली माणसे पुष्कळ होती. विहारात रविवारी येणारे एक निवृत्त खलाशी काका आहेत. ऐंशी ओलांडलेले. बंद इंजिन हलवायचे कसे, हे त्यांनी आम्हांला तासभर सांगितले. आधी चाके फिरवणारे कनेक्टिंग रॉड सोडायचे, नाहीतर ओढताना सिलिंडरला इजा होते. आसांना तेल द्यायचे. मग जॅकने बोटभर उचलायचे, खाली लाकडी स्लीपर सारायचे, पुन्हा बोटभर. मुकादमाच्या आवाजाशिवाय कोणी हात घालायचा नाही. "घाई केली की हात जातोय," काका म्हणाले आणि उजव्या हाताची दोन तुटकी बोटे त्यांनी दाखवली. बॉयलरचेही तसेच. खाऱ्या पाण्याने आत क्षाराचा थर चढतो, तो धुवायचा, गळक्या नळ्या बदलायच्या आणि वाफ भरण्याआधी पाण्याच्या दाबाने परीक्षा घ्यायची.

त्यांची हातबत्ती पाहायला मागितली, तर ती घरच्यांनी भंगारात किलोवर विकली होती. काका नुसते हसले. आम्हांलाच वाईट वाटले.

मसूर स्टेशनाचेही असेच नाही का? १९०१ साली पाडळीहून गाडीने आलेली बाबासाहेब आणि भावंडे इथे उतरली होती. खटाव तालुक्यात नोकरीवर असलेल्या वडिलांकडे ती निघाली होती. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकली आणि गाडीवान पायी चालला. रात्रभर पाणी मिळाले नाही. ज्या मीटर लाईनने ती मुले आली, ती १९७१ मध्ये मोठी झाली. रूळ, डबे, इंजिने गेली. ही हकीकत उरली, कारण बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली.

आमच्या वस्तीतल्या दोन पोरांनी आता वही घेतली आहे. काकांच्या टोळीत अकरा जण होते. आतापर्यंत सहा नावे आणि त्यांची गावे मिळाली. पाच बाकी आहेत. मिरज ते सांगोला या टापूत ज्यांच्या घरी आजोबा, वडील खलाशी, गँगमन किंवा फायरमन होते, त्यांनी नाव, गाव आणि एखादा फोटो असल्यास त्याची प्रत या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावी. मूळ फोटो पाठवू नये.