आईच्या हयातीतच दुसरं घर



वस्तीत फिरताना मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न शुगरचा नसतो, बीपीचाही नसतो. ‘सिस्टर, मी डोळे मिटल्यावर याचं कोण?’ हा असतो. विचारणारी आई साठी ओलांडलेली असते. आणि ‘हा’ म्हणजे तिचा पस्तिशी-चाळिशीतला मुलगा, कधी मुलगी. बौद्धिक अक्षमता असलेला. आजही तीच त्याला आंघोळ घालते, तीच भरवते.

अशीच एक मावशी पाय मोडून दवाखान्यात दाखल झाली. घरी हा, भाऊ आणि वहिनी. तीन दिवस तो जेवला नाही, कुणाला हात लावू देईना. भाऊ म्हणाला, हट्टाला पेटलाय. मी मावशीच्या खाटेपाशी जाऊन विचारलं. ती म्हणाली, ‘त्याला भातावर वरण ओतलेलं चालत नाही गं, वेगळ्या वाटीत लागतं.’ एवढंच होतं. पण एवढंसुद्धा तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्या तीन दिवसांत त्याच्या फिटच्या गोळ्याही चुकल्या होत्या, आणि ती गोष्ट ‘एवढीच’ नव्हती. फिटची गोळी एकदम बंद झाली तर एकामागून एक झटके येऊन जिवावर बेतू शकतं.

म्हणून माझं सांगणं आहे, मुलाला दुसऱ्या घरी राहायची सवय लावायची तर ती आपले हातपाय चालतात तोवर. आई गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला कुठेतरी नेऊन सोडलं तर आई, खोली, गल्ली, सगळं एकदम जातं आणि का गेलं ते त्याला कुणी सांगतही नाही. आई असताना गेला तर ती भेटायला येते, तिथल्या ताईला चूक दाखवते, नाहीच जमलं तर परत आणते.

‘टाकून दिलं पोराला’ म्हणणारे नातेवाईक भेटतील. त्यांना एक रविवार त्याला आंघोळ घालायला बोलवा. शेवटी हा भार एखाद्या बहिणीवर नाहीतर सुनेवर पडतो, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

सपोर्टेड लिव्हिंग म्हणजे बाहेरून कुलूप लावलेली शंभर खाटांची संस्था नव्हे. साध्या घरात चार-सहा मोठी माणसं राहतात, सोबत पगारी मदतनीस. ज्याला जेवढी लागते तेवढीच मदत. ज्याला शर्ट घालता येतो तो आपला आपण घालतो. अशी घरं आपल्याकडे थोडी आहेत आणि बरीच फी घेतात, हे मी लपवणार नाही. राष्ट्रीय न्यासाची निवासासाठी ‘समर्थ-कम-घरौंदा’ ही योजना आहे. नोंदणी झालेल्या संस्थांची यादी न्यासाच्या वेबसाइटवर असते, वस्तीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराकडून काढून घ्या. जागा मिळेपर्यंत मावशीच्या नाहीतर आत्याच्या घरीही हीच सवय लावता येते.

घर बघायला जाल तेव्हा न कळवता, जेवणाच्या वेळी जा. ऑफिसातल्या खुर्चीवर बसू नका, संडास बघा. न्हाणीघराला आतून कडी आहे का? रात्री किती माणसं ड्यूटीवर, आणि मुली असतील तिथे बाई असते का? गोळी कोण देतं, दिल्यावर लिहून ठेवतं का? ‘तीन महिने भेटायला यायचं नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. आणि मुलीची पिशवी काढून आणा म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, महिला संघटना उभ्या राहिल्या तेव्हा ते थांबलं. पाळी सांभाळायला शिकवता येतं. पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त झाकला जातो.

त्यालाही विचारा. बोलता येत नसेल तर फोटो दाखवा, नेऊन आणा, चेहरा बघा. २०१६ चा दिव्यांग कायदा सांगतो की अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती दिव्यांग माणसावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करावा. हे आईवडिलांनीही पाळावं बरं का.

आधी एक दिवस, मग एक रात्र, मग दोन. सोबत त्याची चादर, त्याचा मग. आणि एक वही. शाळेतली जुनी, अर्धी कोरी चालेल. तिच्यात गोळ्यांची नावं, किती आणि कधी; फिट कशी येते, किती वेळ टिकते; काय खात नाही, कशाला घाबरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखत असेल तर तो ते कसं दाखवतो. कुणी कान ओढतं, कुणी हात चावतं, कुणी नुसतं गप्प होतं. नवीन घरी मुलगा डोकं आपटायला लागला की ‘आईची आठवण येतेय’ म्हणून सोडून देतात. आठवण येतेच. पण आधी दाढ बघा, कान बघा, चार दिवस शौचाला झालंय का विचारा. मी पाहिलेल्या अशा तिघांपैकी दोघांची दाढ किडलेली निघाली. दर महिन्याला वजन करायला सांगा. वजन उतरायला लागलं तर तिथे काहीतरी बिनसलंय.

त्या मावशीचा मुलगा आता आठवड्यातल्या तीन रात्री आत्याकडे राहतो. वरण वेगळ्या वाटीतच.

आता कागद. यूडीआयडी कार्ड आधी काढा, बाकी सगळं त्यावर अडतं. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. याच चार गटांसाठी ‘निरामय’ हा वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. मानसिक आजार असेल तर वाट वेगळी. तिथे २०१७ च्या कायद्याने तो माणूस स्वतःच आपला प्रतिनिधी नेमतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात.

वडील रेल्वेत, केंद्राच्या किंवा राज्याच्या नोकरीत असतील तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला दोघांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. त्याचं नाव आणि प्रमाणपत्र पेन्शनच्या कागदांत आत्ताच नोंदवून घ्या. पालिकेतून निवृत्त झालेल्यांनीही आपल्या कार्यालयात हे विचारून यावं. मागाहून सिद्ध करत फिरणं भावाच्या वाट्याला येतं, आणि भावाला त्याची जन्मतारीखसुद्धा नीट माहीत नसते.