बॉयलरचं प्रेशर शून्यावर आलंय? आधी हे समजून घ्या, मग हात लावा

जानेवारीतली सकाळ. बाहेर तापमान शून्याच्या आसपास. मुलांना शाळेत सोडायचंय, आठची ट्रेन गाठायचीय आणि घरातले रेडिएटर गारठून पडलेत. नळाला गरम पाणी नाही. किचनमधल्या पांढऱ्या पेटीवर लाल दिवा लुकलुकतोय आणि प्रेशरचा काटा शून्याला टेकलाय.

पुण्या-नागपुरातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या माणसासाठी हा प्रकार एकदम नवा असतो. आपल्याकडे घरात गीझर असतो, जुन्या घरात बंब. बॉयलर म्हटलं की आठवतो साखर कारखाना, नाहीतर स्फोटाची बातमी. त्यामुळे 'बॉयलरचं प्रेशर' हे शब्द ऐकूनच पोटात गोळा येतो.

पण प्रेशर कमी झालं म्हणून बॉयलर फुटत नाही. तो बंद पडतो, आणि बंद पडणं हीच त्याची सुरक्षा असते. बहुतेक वेळा उपाय पाच-दहा मिनिटांचा असतो. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा तोच उपाय दर आठवड्याला करावा लागतो.

हे प्रेशर नेमकं कशाचं?

अनेकांना वाटतं, हे गॅसचं प्रेशर. तसं नाही. हा दाब असतो रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या पाण्याचा.

ब्रिटनमधल्या बहुतांश घरांत आता कॉम्बी बॉयलर दिसतो. तो दोन कामं करतो. नळाचं पाणी लागेल तेव्हा तापवतो आणि घरभरच्या रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवतो. रेडिएटरचं पाणी मात्र बंदिस्त असतं. तेच पाणी तापतं, फिरतं, गार होऊन परत येतं. त्यावर पुरेसा दाब नसेल तर ते नीट फिरत नाही. कमी पाण्यावर बॉयलर चालला तर तो आतून जास्त तापू शकतो, म्हणून यंत्र स्वतःच थांबतं.

बॉयलर नीट चालू आहे, पण नळाला धारच बारीक येतेय, तर ती वेगळी तक्रार. तिचा या काट्याशी सहसा संबंध नसतो.

काटा कुठे असायला हवा?

बॉयलर थंड असताना साधारण १ ते १.५ बार. काही डायलवर हा भाग हिरवा रंगवलेला असतो. हीटिंग सुरू झालं की पाणी प्रसरण पावतं आणि काटा २ च्या आसपास जातो. ते नॉर्मल आहे. ०.५ च्या खाली गेला की अनेक बॉयलर बंद पडतात. डिजिटल बॉयलरवर कोड दिसतो. उदाहरणार्थ, व्हेलंटवर एफ २२, आयडियल लॉजिकवर एफ १.

१ बार म्हणजे किती? शिट्टीवर आलेल्या आपल्या कुकरमध्ये साधारण एवढाच जादा दाब असतो. म्हणजे आकडा घाबरण्यासारखा नाही. शिवाय दाब ३ बारवर गेला, तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं पाणी घराबाहेर सोडतो.

प्रेशर कमी का होतं?

सगळ्यात साधं कारण म्हणजे नुकतीच रेडिएटरमधली हवा काढली असेल. हवा गेली की दाब उतरतो.

दुसरं कारण गळती. रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली, पाइपच्या जोडावर हात फिरवून पाहा. कार्पेटवर ओल, भिंतीवर डाग, जोडावर हिरवट थर दिसला तर चोर सापडला.

तिसरं कारण लपलेलं असतं. थंड पाणी ८० अंशांपर्यंत तापलं की सुमारे ३ टक्के फुगतं. १०० लिटर पाणी असेल तर जवळपास ३ लिटरला जागा लागते. ती देण्यासाठी एक्स्पान्शन व्हेसल नावाची टाकी असते. तिच्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. ही हवा कमी झाली की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, काटा ३ कडे धावतो, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर जातं आणि गार झाल्यावर काटा शून्यावर. तापल्यावर खूप वर, गार झाल्यावर खूप खाली, अशी काट्याची उडी दिसली तर संशय इथेच घ्यायचा.

पाणी भरायचं कसं?

सुरुवात आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलपासून करा, कारण प्रत्येकाची रचना थोडी वेगळी असते. सर्वसाधारण क्रम असा:

१. बॉयलर बंद करा आणि थंड होऊ द्या.
२. फिलिंग लूप शोधा. बॉयलरखाली किंवा जवळ चंदेरी जाळीची लवचीक नळी असते, दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह. काही बॉयलरमध्ये नळीऐवजी लीव्हर किंवा चावी असते. पिवळी खूण असलेल्या गॅसच्या कॉकला हात लावायचा नाही.
३. नळी दोन्हीकडे घट्ट बसली आहे का ते पाहा.
४. आधी एक व्हॉल्व्ह उघडा, मग दुसरा हळूहळू. पाणी शिरल्याचा आवाज येईल. नजर काट्यावर ठेवा.
५. काटा १.५ च्या जवळ आला की दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद करा. इथेच बरेच जण चुकतात. एक व्हॉल्व्ह अर्धवट राहिला तर दाब वाढतच जातो.
६. नळी काढता येण्याजोगी असेल तर काढून ठेवा. रेडिएटरचं काळपट पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून ही खबरदारी.
७. बॉयलर सुरू करा, गरज असेल तर रीसेट दाबा.

जास्त भरलं गेलं? मग रेडिएटरच्या चावीने थोडं पाणी सोडा. खाली कापड आणि भांडं धरा.

पुन्हा पुन्हा भरावं लागतंय?

वर्षातून एक-दोनदा भरावं लागलं तर काळजीचं कारण नाही. दर आठवड्याला लागत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. अशा वेळी नुसतं भरत राहणं महागात पडतं. ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि काळा गाळ साचतो.

रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर काट्याचा फोटो काढा. तीन-चार दिवसांचे फोटो इंजिनिअरला दाखवले तर कारण शोधणं सोपं जातं. बाहेर भिंतीतून आलेला तांब्याचा पाइप ठिबकतोय का, तेही पाहा. प्लॅस्टिकच्या पाइपमधून थोडं पाणी येणं मात्र नॉर्मल आहे.

भाड्याच्या घरात जबाबदारी कुणाची?

इंग्लंड आणि वेल्समध्ये नेहमीच्या भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं घरमालकाचं काम आहे. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं कलम ११ तेच सांगतं. दरवर्षी गॅसची सुरक्षा तपासणी करून घेणंही त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे तक्रार फोनवर न सांगता ईमेलने करा, फोटो जोडा. परदेशात नवीन आहोत, मालक काय म्हणेल, या संकोचात थंडी काढायची गरज नाही.

कुठे थांबायचं?

पाणी भरणं आणि रेडिएटरमधली हवा काढणं, इथपर्यंत घरातल्या माणसाने करायला हरकत नाही. बॉयलरचं कव्हर उघडायचं काम गेलं की ते गेस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या इंजिनिअरचं. तो दारात आला की ओळखपत्र मागा. त्यावर कोणत्या कामाची परवानगी आहे, ते लिहिलेलं असतं.

आणि गॅसचा वास आला तर हा लेख बाजूला ठेवा. दिव्याचं बटण दाबू नका, खिडक्या-दारं उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या आपत्कालीन नंबरवर फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरी हेच करा. त्या वायूला ना रंग असतो ना वास.

बाकी प्रेशरच्या काट्याचं म्हणाल, तर फिलिंग लूप कुठे आहे हे आजच पाहून ठेवा. जानेवारीतल्या सकाळी शोधत बसण्यापेक्षा ते सोपं.