बेटावर जायचे, पाण्याखाली उतरायचे : हिशेब आधी छातीचा, मग पैशाचा

पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी मासे आणि प्रवाळ पाहणे हा श्रीमंतांचा शौक आहे, अशी आपल्या व्यापारी बांधवांची समजूत आहे. तीस वर्षांपूर्वी ती खरीही होती. आज मालवणच्या किनाऱ्यावर कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी, इचलकरंजीचे मागवाले आणि पुण्याचे कारकून रांग लावून पाण्यात उतरतात. आमच्या वरवे बुद्रुकमधून आम्ही सहा जणांनी येत्या पौषात लक्षद्वीपला जाण्याचे ठरवले आहे. दोन कापडवाले, एक शिलाई मास्टर, दोन कॉलेजची मुले आणि आमच्या नात्यातले एक बुजुर्ग, ज्यांनी भिवंडीत तीस वर्षे यंत्रमाग चालवला. ही तयारी करताना जी माहिती हाती आली ती वाचक बंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

हंगाम कोणता?

समुद्राचा हंगाम आणि दुकानाचा हंगाम यांचे जुळत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्रावरचा हा सगळा धंदा बंद असतो. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत पाणी शांत आणि स्वच्छ असते. पण कापडवाल्याची दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि उन्हाळ्यातली लग्ने याच काळात येतात. या काही वर्षांत रमजानही फेब्रुवारीच्या आसपास पडतो आणि तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. ईदची खरेदी त्याच्या आधीच सुरू होते. राहतो तो पौष महिना. पौषात हिंदू बांधवांकडे लग्ने निघत नाहीत, पेठ थंड असते आणि समुद्र उत्तम असतो. कापडाच्या धंद्यातल्या माणसाने हेच दिवस धरावेत.

आधी नमुना, मग ताका

कोणताही शहाणा व्यापारी नमुना पाहिल्याशिवाय ताके उचलत नाही. येथेही तोच नियम लावावा. लक्षद्वीप दूर आहे आणि खर्चिकही. तेथे पोहोचल्यावर पाण्याखाली जीव घाबरला, तर सगळा खर्च वाया. म्हणून आम्ही आधी मालवणला जाणार आहोत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने २०१५ साली स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली. तेथे समुद्रात नेण्याआधी खोल तलावात सराव देण्याची सोय करण्यात आली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नेणारे खासगी बोटवालेही पुष्कळ आहेत. पूर्वी जाळी टाकणाऱ्या घरांतली अनेक मुले आज या धंद्यात आहेत.

पण बोट निवडताना डोळे उघडे ठेवावेत. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. म्हणजे धोका पाण्याखाली असतो तसा पाण्यावरही असतो. बोटीत चढण्यापूर्वी लाइफ जॅकेट अंगावर हवे. बोटीची क्षमता किती आणि माणसे किती, हे मोजायला लाजू नये. शंभर रुपये कमी घेतो म्हणून बोट निवडणे हा सौदा तोट्याचा आहे.

दाबाचे गणित

पाण्याखाली धोका कशाचा, हे आपल्या धंद्याच्या भाषेत सांगता येते. समुद्रात दर दहा मीटर खाली गेले की हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. कापसाची गाठ प्रेसमध्ये दाबावी, तशी फुप्फुसातली हवा दबते. टाकीतून मिळणारी हवा त्याच दाबाने येते, म्हणून खाली श्वास व्यवस्थित घेता येतो. वर येताना उलट होते. गाठीच्या पट्ट्या कापल्या की कापूस फुगून बाहेर येतो, तशी ही हवा फुगते. त्या वेळी माणसाने श्वास रोखून धरला, तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून या हुन्नराचा पहिला नियम एकच आहे : श्वास कधीही रोखू नये आणि वर सावकाश यावे.

कानाचेही तसेच. खाली उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानात सोडावी लागते. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नये, मग पैसे भरलेले असोत की नसोत.

फॉर्मवर खरे लिहावे

उतरण्यापूर्वी एक फॉर्म भरून घेतात. दमा आहे का, हृदयविकार आहे का, फिट्स येतात का, कानाचे ऑपरेशन झाले आहे का. आमच्या बुजुर्गांचा प्रश्न येथेच आला. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना बिसिनोसिस नावाचा छातीचा विकार होतो. सुट्टीनंतर कामावर गेले की छाती आवळते, श्वासाला शिट्टी येते आणि पुढे पुढे हे रोजचे होते. अशा छातीत हवा काही ठिकाणी अडकून राहते. जमिनीवर त्याने फक्त दम लागतो. पाण्याखालून वर येताना तीच अडकलेली हवा फुगते, आणि बाकीचे आम्ही सांगितलेच आहे.

एका एजंटाने आमच्या बुजुर्गांना सल्ला दिला, "चाचा, सगळीकडे नाही लिहा, तिथे कोण तपासतो?" त्या एजंटाकडचे बुकिंग आम्ही त्याच दिवशी रद्द केले. आम्ही पुण्याला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळीत फुंकर मारायला लावून श्वासाची तपासणी केली आणि टाकी बांधून उतरायला साफ मनाई केली. बुजुर्गांना वाईट वाटले. ते म्हणाले, "तीस वर्षे दुसऱ्यांसाठी कापड विणले, एवढी एक हौस होती." तरी ते आमच्याबरोबर येणार आहेत. उथळ खाडीत लाइफ जॅकेट घालून, तोंडात नळी धरून वरूनच तळ पाहता येतो. त्यात दाबाची हवा घ्यावी लागत नाही. त्यालाही डॉक्टरांची परवानगी घेतली आहे. तेही नको वाटले, तर तळाला काच असलेली बोट आहेच. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कारीगर भावांना आमची कळकळीची विनंती आहे : आधी छाती तपासून घ्या, मग तिकीट काढा.

लक्षद्वीपच का?

अंदमानला परवाना लागत नाही आणि तेथे स्कूबाच्या शाळा पुष्कळ आहेत. विशेषतः २०१८ पासून स्वराज द्वीप म्हटल्या जाणाऱ्या हॅवलॉक बेटावर. तरी आम्ही लक्षद्वीप निवडले. एकूण ३६ बेटे, त्यांपैकी १० वर वस्ती, आणि सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या घरात होती आणि त्यात ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान. भाषा मल्याळम, फक्त मिनिकॉयला महल. खाण्यापिण्याची अडचण नाही, भात, नारळ आणि ट्यूना मासा. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी असल्याने कुटुंबासह जाणाऱ्यांना सोयीचे पडते. नारळाचा काथ्या आणि सुकवलेला ट्यूना हा तेथला जुना माल आहे. एके काळी कन्नूरचे अली राजे याच काथ्याच्या व्यापारावर पैसा मिळवत.

बेटावर पाऊल ठेवायला प्रवेश परवाना लागतो. तो हाती येईपर्यंत पुढची तिकिटे काढू नयेत. वाट कोचीवरून आहे. वरव्याहून पुणे, पुण्याहून रेल्वेने किंवा विमानाने कोची. तेथून जहाजाने बेटानुसार १४ ते १८ तास, किंवा छोट्या विमानाने सुमारे दीड तासात अगत्ती. या विमानात सामानाची मर्यादा कमी असते. हवामानाने जहाज किंवा विमान रखडले, तर एक-दोन दिवसांचा जादा खर्च आणि जादा औषधे बरोबर ठेवावीत. आमच्या अंदाजपत्रकात एक दशांश रक्कम यासाठीच बाजूला काढली आहे.

मुलांना नुसते एकदा उतरून भागत नाही, त्यांना शिकायचे आहे. ओपन वॉटर नावाचा पहिला कोर्स तीन-चार दिवसांचा असतो आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येते. त्यासाठी २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगत राहणे जमले पाहिजे. आमची मुले विहिरीत पोहायला शिकली आहेत, ती कमाई आता कामी येईल.

घाटही विमानासारखाच

एक गोष्ट देशावरच्या माणसाला कोणी सांगत नाही. पाण्याखाली असताना रक्तात नायट्रोजन वायू विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. लगेच उंचावर गेले तर सोडा वॉटरची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, कधी लकवाही येतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी की एकदा उतरल्यावर किमान १२ तास आणि अनेकदा उतरल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये. घाट चढणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. मालवणहून वरव्याला येताना आधी सह्याद्री चढायचा, मग साताऱ्यापुढे खंबाटकी. मालवणची पहिली डुबकी उथळ असल्याने तिच्यात धोका कमी. तरी आम्ही सकाळी उतरून रात्र किनाऱ्यावरच काढणार आणि दुसऱ्या दिवशी निघणार. एका मुक्कामाचे भाडे फार नाही.

कपडा आणि कमाई

शेवटी आपल्या धंद्याची गोष्ट. पाण्यात सुती कपडा चालत नाही. तो पाणी पितो, जड होतो आणि अंगाला घासतो. लागतो तो नायलॉन-लायक्राचा घट्ट पोशाख, आणि त्यावर निओप्रीन रबराचा वेटसूट. मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा हा पोशाख आपल्या बायकामुलींनाही अडचणीचा नाही. मार्गदर्शक बाई हवी असेल तर बुकिंग करतानाच विचारून घ्यावे. आमच्या शिलाई मास्टरांनी नमुना उसवून पाहिला. त्याची शिवण ओव्हरलॉकची नसून फ्लॅटलॉकची असते, म्हणजे सपाट, अंगाला न काचणारी. सर्व मापांचे आणि डोके झाकण्याची सोय असलेले असे पोशाख शिवून किनाऱ्यावरच्या दुकानांना पुरवता येतील, असे त्यांचे मत आहे. फ्लॅटलॉक मशीन आणि चांगला ताणाचा कपडा एवढ्याच भांडवलाचा प्रश्न आहे. ते मालवणला दुकाने पाहणार आहेत.

एक मात्र लक्षात ठेवावे. बेटावरून प्रवाळाचा तुकडाही खिशात घालू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, विकणे तर दूरच. समुद्र तापल्यामुळे २०२४ साली लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले. जे उरले आहे तेच तेथल्या लोकांची रोजी आहे. प्रवाळ मेले तर मासा जातो, पर्यटक जातो, आणि लाटा थेट किनाऱ्यावर येतात.

ज्या वाचकांचा असा बेत असेल त्यांनी क्रम हाच ठेवावा : आधी डॉक्टर, मग पोहणे, मग मालवण, मग परवाना, आणि तिकीट सर्वांत शेवटी.