बुटाला पाण्याचा हात

कांगा लीगमध्ये मी एकूण किती धावा केल्या ते सांगण्यासारखं नाही. बुटांच्या तळव्यांतून किती चिखल खरवडून काढला, ते मात्र छाती पुढे काढून सांगेन. मुंबईत हिंदमाता सिनेमाच्या मागच्या बाजूला आमची चाळ. रविवारी सकाळी किट खांद्यावर टाकायचं आणि निघायचं. कधी शिवाजी पार्क, कधी मातुंग्याचं दडकर मैदान, कधी थेट आझाद मैदान. संध्याकाळी चाळीच्या पायरीवर बसून हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने स्पाइक्समधली माती उकरायची. ती सुकल्यावर निघेल म्हणून थांबलं तर दगड होई, ओली असताना काढायला गेलं तर बोटांना लागे, बोटांवरून पायरीला, पायरीवरून शेजारच्या काकूंच्या शिव्यांना.

डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही लीग १९४८ साली सुरू झाली, आणि तीही मुद्दाम पावसाळ्यातली. झाकण नसलेली ओली खेळपट्टी, गुडघ्याशी येणारं गवत, चौकार म्हणून मारलेला चेंडू त्या गवतात बसून राहणार. मुंबईची फलंदाजी या चिखलात पक्की झाली असं जुनेजाणते सांगतात, आणि ते खरंही असेल. पण चिखलाचा पहिला हिसका बसतो तो बुटाला. तिसऱ्या-चौथ्या षटकापर्यंत तळव्याला मातीची पोळी लागते, थोड्या वेळाने तिची पुरणपोळी होते, आणि स्पाइक्स पुरणात गडप. आता पाय टाकला की खिळे जमिनीत घुसतच नाहीत. बुटाची माती मैदानाच्या मातीवर घसरते आणि गोलंदाज स्टंपांपाशी साष्टांग नमस्कार घालतो. म्हणून दर दोन चेंडूंनी फलंदाज बॅटने बूट ठोकताना दिसतो. लोकांना ती ऐट वाटते. ती साफसफाई असते.

माती चिकटते कशी, हा प्रश्न मला पायरीवर कधी पडला नाही. पडला तो बऱ्याच वर्षांनी, स्वयंपाकघरात. स्टीलच्या दोन ओल्या ताटल्या एकमेकींना घट्ट बसल्या होत्या. सरळ ओढून सुटेनात, बाजूला सरकवल्या तर सरकत होत्या. बायकोने त्या माझ्या हातातून घेतल्या, पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवल्या आणि आतल्या आत अलगद वेगळ्या केल्या. पाण्याने चिकटलेली वस्तू आणखी पाण्याने सुटली!

चिखलाची सगळी गंमत या बादलीत आहे. चिकण मातीचे कण २ मायक्रॉनहूनही लहान असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, त्यावरून अंदाज घ्या. हे कण बहुतेक चपटे, पत्र्यासारखे. कण आणि बुटाचा तळवा यांच्यामधल्या बारीक फटीत पाण्याचा पातळ पापुद्रा अडकतो. पाण्याच्या पृष्ठभागाला आक्रसायची ओढ असते, म्हणून तो पापुद्रा दोन्ही बाजूंना एकमेकींकडे खेचून धरतो. फट जितकी अरुंद तितकी ओढ जबर. फट १ मायक्रॉनची असेल तर ही ओढ जवळपास १.४ वातावरणांइतकी भरते, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या आसपास. खऱ्या तळव्यावर अशी फट सगळीकडे सलग नसते, हे आपलं नशीब. पण ही ओढ टिकते ती पापुद्र्याच्या कडेला हवा असेपर्यंतच. ताटल्या बादलीत गेल्या की कडेची हवा संपते, पाण्याचा पृष्ठभागच उरत नाही, आणि खेचायलाही कोणी उरत नाही.

थोडं पाणी डिंक, भरपूर पाणी वंगण. म्हणूनच सुकी माती पायाला लागत नाही, पातळ रेंदा ओघळून जातो, आणि मधल्या अवस्थेतली माती जीव खाते. आल्बर्ट अटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मातीच्या अशा अवस्थांच्या सीमा पाण्याच्या प्रमाणावरून आखल्या. त्यांतली एक सीमा चिकटपणाची होती: किती ओल असेपर्यंत माती लोखंडाला लागते आणि कधी सोडून देते. आपल्याकडे शेतकऱ्याला हे मोजमापाशिवाय कळतं. वाफसा आल्याखेरीज तो रानात औत घालत नाही. काळ्या रानात वाफशाआधी चालून पाहा, दहा पावलांत पायांना मातीचे जोडे होतात.

मग न चिकटणारा बूट कसा करायचा? पहिला मार्ग आकाराचा, आणि तो सरळ आहे. खिळे किंवा रबराचे दात दूर दूर ठेवायचे, मुळाशी रुंद आणि टोकाशी निमुळते करायचे. मोदकाच्या साच्याच्या भिंती आतून तिरक्या असतात म्हणून मोदक सुटून येतो, तसंच हे. तळवा थोडा लवचीक ठेवला की पाऊल वाकताना फटी उघडतात आणि बर्फाचा ट्रे पिळल्यासारखा चिखल बाहेर पडतो. ट्रॅक्टरच्या टायरवरचे तिरपे जाड दात हेच करत असतात. इटलीच्या विताले ब्रामानी यांनी १९३७ साली गिर्यारोहकांसाठी रबराचा दातेरी तळवा बाजारात आणला. त्यांच्याच नावातून ‘विब्रम’ झालं. आणि ४ जुलै १९५४ ला बर्नच्या भर पावसात पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ ने हरवून फुटबॉलचा विश्वचषक नेला, तेव्हा त्यांच्या पायांत आडी डासलर यांनी बनवलेले बूट होते. त्यांचे खिळे आट्यांवर फिरवून बदलता येत. पाऊस आला, लांब खिळे बसवले. विजयाचं सगळं श्रेय बुटांना देणं मला पटत नाही, पण हंगेरीचे खेळाडू घसरत असताना ते कामी आले असणारच.

दुसरा मार्ग पृष्ठभागाचा, आणि इथे मी खरा थक्क झालो. पहिला विचार कोणालाही अळूचाच येईल. अळवावरचं पाणी आपण क्षणभंगुरतेसाठी वापरून गुळगुळीत केलं, पण ते पाणी टिकत का नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं आहे. पानावर सूक्ष्म उंचवटे, त्यांच्यावर मेणाचे आणखी सूक्ष्म कण, मधल्या खळग्यांत हवा. थेंब या उंचवट्यांच्या टोकांवर बसतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. कमळाच्या पानाचंही तेच. जर्मनीतल्या बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी १९९७ साली ही करामत सविस्तर मांडली, आणि तेव्हापासून न मळणारे रंग, न मळणारी कापडं यांची रांग लागली.

मग अळूच्या पानासारखा तळवा का नको? दादरच्या बाजारातून वडीची पानं आणली तेव्हा एक पान मी बाजूला ठेवलं. गढूळ पाण्याचे थेंब त्यावरून मोत्यांसारखे पळाले. मग कुंडीतला घट्ट चिखल ठेवून अंगठ्याने दाबला. डाग पडला. पान उलटं केलं तरी तो गडी तिथेच. दाबाखाली पाणी त्या हवेच्या खळग्यांत घुसतं, आणि एकदा आत शिरलं की उंचवटे उलट चिखलाला धरायला मुठी होतात. माझ्या अंगठ्याचं सोडा, ७० किलोचा माणूस दहा-बारा खिळ्यांच्या एका बुटावर उभा राहिला आणि प्रत्येक खिळ्याचं टोक चौरस सेंटिमीटरभर धरलं, तर टोकाखाली सहाएक वातावरणांचा दाब येतो. धावताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. (उरलेल्या पानांच्या वड्या झाल्या. प्रयोगाचं पान मला कोणी तळून दिलं नाही.)

२०१६ साली नायकेने फुटबॉलच्या बुटांसाठी जो तळवा आणला, त्यात नेमका उलटा डाव होता. पाणी झटकणारा नाही, पाणी पिणारा तळवा. त्यातलं पॉलिमर ओलं झालं की पाणी शोषून बुळबुळीत होतं. फालुद्यातला भिजलेला सब्जा चिमटीत धरून बघा: बीभोवती पाण्याची जेलीसारखी गादी असते आणि दाणा निसटतो. तसाच थर तळव्यावर. वरून चिखल दाबला गेला तरी मधे पाण्याची गादी शाबूत राहते. भुकेली चिकण माती ते पाणी ओढायला बघते, पण थर ते सहजी सोडत नाही. पापुद्रा पातळ होऊन डिंक बनायची वेळच येत नाही आणि चिखल घसरून पडतो.

हे वाचलं तेव्हा मला परळ-लालबागचे गणपतीचे कारखाने आठवले. शाडूची माती हाताळणारा कारागीर दर थोड्या वेळाने न बघता बादलीत हात बुडवतो. उकड मळणारी आजीही तेच करते. पाण्याचा हात, तेलाचा हात. रसायनशास्त्रज्ञांनी बादली बुटात बसवली, एवढंच. एवढंच म्हणायला सोपं आहे, कारण ती बादली माणसाच्या वजनाखाली दीड तास फुटता कामा नये. आणि ती रिकामीही होता कामा नये: बूट कोरडा, माती अर्धओली, अशा वेळी या तळव्याची विद्या चालत नाही.

गांडुळाची बादली मात्र कधी रिकामी होत नाही. जन्मभर चिकण मातीत राहून ते स्वच्छ. अंगाला बुळबुळीत स्राव असतोच, शिवाय हालचाल करताना त्याच्या कातडीवर आणि भोवतालच्या मातीत किंचित विद्युतदाबाचा फरक पडतो आणि त्या ओढीने मातीतलं पाणी कातडीकडे सरकतं. म्हणजे वंगण ते मातीकडूनच वसूल करतं! चीनच्या जीलिन विद्यापीठात रेन लुच्युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मातीतल्या प्राण्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. शेणकिड्याच्या डोक्यावरचे बारीक उंचवटे पाहून त्यांनी नांगराच्या आणि बुलडोझरच्या पात्यांना तसेच उंचवटे दिले. उंचवट्यांमुळे पाण्याचा पापुद्रा सलग राहत नाही, तुकड्या-तुकड्यांत तुटतो, आणि ओढ ढिली पडते. शेणात आयुष्य काढणाऱ्याकडून स्वच्छता शिकायची, यात मला भारी मौज वाटते.

या सगळ्यानंतर माझं एक जुनं कोडं सुटलं. हिंदमाता म्हणजे बशी. चारी बाजूंनी पाणी इथेच येतं. अलीकडे महापालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या, म्हणजे आता वर चिखल आणि खाली तळं. आमच्या वेळी तळं रस्त्यावरच असे. जोराचा पाऊस झालेल्या रविवारी दादरहून चालत यायचं, पाणी मांड्यांपर्यंत. बुटांच्या लेसेस एकमेकींना बांधून ते हातात लोंबकळत धरलेले आणि हात भरून येई म्हणून पाण्यात सोडलेले. लेप्टो या आजाराचं नाव तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. हिंदमाता सिनेमापासून चाळीपर्यंत पोचेतो त्या घाण पाण्यात तळवे असे लख्ख निघत, की हॅक्सॉ ब्लेड बाहेर काढायची गरज पडत नसे. आई दारातच बूट उलटे करून बघायची आणि विचारायची, ‘‘काय रे, आज टीममध्ये घेतलं नाही वाटतं?’’